बंद पेटीचा श्वास

गेल्या पावसाळ्यात आमच्या नवी मुंबईतील शाळेची सहल लोणावळ्याला गेली होती. परतीच्या वाटेवर घाट उतरून बस पनवेलच्या जवळ आली, तेव्हा सातवीतील एका मुलीने तिची पाण्याची बाटली आमच्यापुढे धरली. बाटली रिकामी होती, बूच घट्ट लावलेले होते आणि तिच्या बाजू आत ओढल्या गेल्या होत्या.

"सर, हिला कुणी दाबलं नाही. वर होतो तेव्हा ही चांगली होती."

प्रश्न आमच्या आवडीचा होता. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब पनवेलपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. तेथील हवा बाटलीत कोंडून आपण खाली आलो. खाली बाहेरचा दाब वाढला, आतला तेवढाच राहिला, म्हणून बाटली चेपली. आम्ही हे सांगितले, मुलांना पटले, आणि आम्हीही थोडे खूश झालो.

त्यानंतर दहा मिनिटांतच कळंबोलीच्या अलीकडे बसने दोन-तीन आचके दिले. चालकासमोरचा पिवळा दिवा लागला आणि बस रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पाऊस कोसळत होता, शेजारून कंटेनरचे ट्रेलर पाणी उडवत जात होते आणि बसमध्ये चाळीस मुले होती. दीड तास तसा गेला. आपल्या ताब्यात दुसऱ्यांची मुले असली की दीड तास केवढा मोठा होतो हे शिक्षकांना सांगायला नको.

शेवटी कळंबोलीहून एक वाहन-इलेक्ट्रिशियन आला. त्याने इंजिनाजवळची एक ॲल्युमिनियमची पेटी शोधली, तिचा कपलर सोडवला, आत फुंकर मारली, पिना पुसल्या आणि म्हणाला, "पाणी आहे आत." बस सुरू झाली. मुलांनी विचारले, तेव्हा आम्हीही तेच सांगितले, "पेटीत पाणी शिरलं होतं." त्यावर बाटलीवाली मुलगी म्हणाली, "पण काकांनी तर सांगितलं की पेटी पॅक असते. मग कुठून शिरलं?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधायला पुढचा महिना गेला, आणि सापडले तेव्हा लक्षात आले की ते तिच्याच हातात होते. बाटलीचे आणि बसचे कोडे एकच होते.

पेटीत काय असते?

या पेटीला ईसीयू म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण करणारा भाग. गॅरेजमध्ये तिला ईसीएम असेही म्हणतात. इंजिनाचे तापमान, हवेचा दाब, फिरणाऱ्या दांड्याची स्थिती अशा गोष्टी संवेदकांकडून तिच्याकडे येतात. किती इंधन, नेमके केव्हा सोडायचे हे ती ठरवते. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला ३० मिलिसेकंद लागतात. त्या वेळात हिशेब होऊन हुकूम सुटलेला असावा लागतो.

फोक्सवागन १६०० या मोटारीत १९६७ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-प्रणाली आली. १९७९ मध्ये त्याच कंपनीच्या मोट्रॉनिक प्रणालीने इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा कारभार एकाच पेटीकडे दिला. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम जसे कडक होत गेले तशी ही पेटी घरोघर आली. भारत स्टेज सहा हे नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले, आणि कार्ब्युरेटर जाऊन स्कूटर-मोटारसायकलीतही इंधन-इंजेक्शन आले. म्हणजे आज शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या शिक्षकांच्या नव्या दुचाकींतही अशी एक लहानशी पेटी आहे.

आतली मंडळी नाजूक असतात. घरचा संगणक टेबलावर बसतो, त्याला पंखा असतो, जाळी असते. ही पेटी मात्र इंजिनाशेजारी, धक्के खात, चिखलपाण्यात दहा-पंधरा वर्षे काढते. बॉनेटखाली तापमान १०० अंशांच्या आसपास जाऊ शकते, आणि थेट इंजिनावर बसणाऱ्या पेट्या १२५ अंश सेल्सियस धरून बनवतात. नवी मुंबईत त्यात आणखी भर आहे. एका बाजूला पारसिकचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, हवेत मीठ, आणि वर्षाचा दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस बहुतेक चार महिन्यांतच. म्हणून पेटी, तिचा कपलर आणि तिला थंड ठेवण्याची सोय या तीन गोष्टींवर आतल्या बुद्धीइतकाच विचार करावा लागतो.

उष्णतेची वाट

पहिला प्रश्न थंड ठेवण्याचा. पेटीतील चिपा आणि ट्रान्झिस्टर स्वतःही तापतात. समजा, पेटीत एकूण २० वॅट उष्णता तयार होते. ही उष्णता बाहेर कशी काढायची? पंखा लावता येत नाही, कारण पंख्याबरोबर धूळ आणि पाणी आत येईल. जाळी ठेवता येत नाही, तेही त्याच कारणाने. मग उरते ती एकच वाट: चिपेतून सर्किटच्या पाटीत, पाटीतून पेटीच्या भिंतीत, भिंतीतून बाहेरच्या हवेत.

रुंद रस्त्यावर एक अरुंद पूल आला की सारी वाहतूक त्या पुलाच्या चालीने चालते. उष्णतेच्या वाटेचेही तसेच. चिपेची पाठ आणि पेटीची भिंत यांत अर्ध्या मिलिमीटरची फट आहे, चिपेचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर आहे आणि तिच्यातून ५ वॅट जायचे आहेत असे समजू. फटीत नुसती हवा असेल तर हिशेबाने साडेनऊशे अंशांचा फरक लागेल. याचा अर्थ चिप त्याच्या पुष्कळ आधी जळून जाईल. त्याच फटीत उष्णता-वाहक लगदा भरला, तर फरक आठ-नऊ अंशांचाच लागतो. हवा आपण रिकामी जागा समजतो, पण स्थिर हवा म्हणजे उष्णतेला घातलेली गोधडीच. शुद्ध ॲल्युमिनियम तिच्या सुमारे नऊ हजार पट उष्णता वाहून नेते. साच्यात दाबाने ओतायच्या मिश्रधातूत हा गुण निम्म्याहून कमी होतो, तरी तो प्लॅस्टिकच्या कितीतरी पुढे असतो. सर्किटच्या पाटीतून वाट काढण्यासाठी तिच्यात तांब्याने मढवलेली बारीक छिद्रे शेकड्यांनी पाडतात.

आता शेवटचा टप्पा, भिंतीपासून हवेपर्यंत. शांत हवेत एक चौरस मीटर पृष्ठभाग दर अंश फरकाला साधारण १० वॅट उष्णता सोडतो. आपली पेटी २० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद धरू. दोन्ही बाजू मिळून ०.०६ चौरस मीटर होतात, म्हणजे दर अंशाला ०.६ वॅट. २० वॅट बाहेर जायला पेटी भोवतालच्या हवेपेक्षा ३३ अंश जास्त तापली पाहिजे. पेटीला पातळ पाती काढून पृष्ठभाग दुप्पट केला, की हा आकडा १७ अंशांवर येतो. पेटीच्या पाठीवर दिसणाऱ्या त्या पात्या शोभेच्या नाहीत. भोवती ८० अंश असतील तर पात्यांविना ११३ आणि पात्यांसह ९७, असा तो हिशेब आहे.

सोळा अंशांनी काय बिघडते? इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक ढोबळ नियम वापरतात: तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे सोळा अंश वाचले तर आयुष्य सुमारे तिप्पट. पात्यांत वाळलेला चिखल तसाच राहिला, तर ही कमाई आपण हाताने घालवतो. काही मोठ्या ट्रक-इंजिनांत तर ईसीयूच्या पाठीमागे एक पोकळ पट्टी बसवून तिच्यातून टाकीकडून येणारे डिझेल फिरवतात. इंजिनात जाण्याआधी इंधनच पेटीला थंड करते.

बंद डब्याची अडचण

तर पेटी सर्व बाजूंनी बंद करावी लागते. दोन भागांमध्ये सील, कपलरभोवती रबराचे कडे, सारे घट्ट. पण इथेच ती बाटली आठवा.

बस घाट चढते तेव्हा इंजिन तापते, पेटीही तापते. पेटीतील हवा ९० अंशांवर आली आणि सीलमधून थोडी बाहेर निसटून दाब सारखा झाला असे समजा. वर पाऊस आहे. चाकांनी उडवलेल्या पाण्याचा फवारा पेटीवर बसतो आणि ती ३० अंशांवर येते. वर्गात शिकवतो तो नियम लावू. आकारमान तेच असेल तर वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ९० अंश म्हणजे ३६३ केल्व्हिन आणि ३० अंश म्हणजे ३०३ केल्व्हिन. दाब ३०३ भागिले ३६३, म्हणजे मूळच्या ८३ टक्क्यांवर आला. घट सुमारे १७ किलोपास्कल.

हा आकडा लहान वाटतो, म्हणून तो दोन प्रकारे पाहू. पेटीचे झाकण १५ गुणिले २० सेंटिमीटरचे आहे. त्यावर बाहेरची हवा जो जास्तीचा जोर लावते तो सुमारे ५० किलो वजनाइतका भरतो. वाशीच्या बाजारातली कांद्याची एक भरली गोणी झाकणावर ठेवल्यासारखे झाले. दुसरा प्रकार असा: १७ किलोपास्कल म्हणजे १.७ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. म्हणजे पेटी कोठेही बुडालेली नाही, तिच्यावर नुसता फवारा उडाला आहे. पण सीलवर ताण येतो तो दीड मीटरपेक्षा खोल पाण्यात बुडाल्याइतका. त्यातच बस ६०० मीटर खाली उतरली की बाटलीवाल्या हिशेबाने आणखी सुमारे ७ किलोपास्कल मिळतात.

आमच्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे. पाणी पेटीत शिरत नाही, पेटी ते ओढून घेते. तापली की उच्छ्वास, निवली की श्वास. जी पेटी जितकी चांगली बंद, तिचा श्वास तितका जोराचा, आणि जेथे बारीकशी फट असेल तेथूनच तो घेतला जातो. त्या वेळी फटीवर पाणी असले तर पाणीच आत जाते.

पाऊस नसला तरी दमट हवा आत जाते. ३० अंशांच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम वाफ असते. एक लिटरच्या पेटीने प्रत्येक वेळी सहाव्या हिश्श्याइतकी हवा घेतली, तर एका श्वासात ५ मिलिग्रॅम पाणी येते. दिवसाला दोन श्वास धरले तर चार महिन्यांत सव्वा ग्रॅमपर्यंत हिशेब जातो. यातले बरेचसे पुढच्या उच्छ्वासाबरोबर परत जाते हे खरे. पण रात्री पेटीची भिंत थंड पडली की थोडे दव सर्किटवर बसते, आणि सर्किटला तेवढे थोडेही पुरते.

अळवावरचे पाणी

यावर उपाय कोणता? जास्त घट्ट बंद करणे हा उपाय नव्हे हे वरच्या हिशेबावरून दिसलेच. उपाय असा, की पेटीला श्वास घेऊ द्यायचा, पण नाकाला फडके बांधून. पेटीवर एक लहान छिद्र ठेवतात आणि त्यावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा चिकटवतात.

हा पडदा पीटीएफई या पदार्थाचा असतो. नॉनस्टिक तव्यावरचा थर तोच. रॉय प्लंकेट यांना तो १९३८ मध्ये अपघातानेच सापडला. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेली पीटीएफईची कांडी हळूहळू ओढण्याऐवजी झटक्याने ओढली. ती तुटली नाही, लांब ताणली गेली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार झाली. हेच कापड पुढे पावसाळी कपड्यांत आले आणि पेट्यांच्या नाकावरही बसले.

पडद्याची छिद्रे एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. पावसाचा एक मिलिमीटरचा थेंब त्यांच्या हजारपट मोठा. पाण्याच्या वाफेचा रेणू मात्र छिद्राच्या हजारो पट लहान, म्हणून वाफ आरपार जाते. इतकेच असते तर थेंब दाबाने लांबट होऊन शिरला असता. पण पीटीएफईला पाणी ओले करत नाही. अळवावरचे पाणी जसे मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळते तसेच येथेही होते. पृष्ठताणामुळे पाणी छिद्रात वाकायला तयार होत नाही. एक मायक्रॉनच्या छिद्रातून ते ढकलायचे तर जवळपास एका वातावरणाचा, म्हणजे सुमारे दहा मीटर पाण्याखालचा दाब लागतो. पेटीचा श्वास तर १.७ मीटरचाच. तोही आता उरत नाही, कारण हवा आत येताच दाब सारखा होतो.

या युक्तीला मर्यादा आहेत. साबणाने पृष्ठताण कमी होतो, तेलाने पडदा भिजतो. वॉशिंग सेंटरवरच्या नळीतून येणारे पाणी शंभर वातावरणांच्या दाबाचेही असू शकते. म्हणून चांगल्या पेटीत पडदा उघड्यावर नसतो, त्याच्यापुढे आडभिंत असते. आणि गाडीच पाण्यात बुडाली तर पडद्याला हवाच मिळत नाही. तेव्हा सारा भार पुन्हा सीलवर येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई परिसरात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. तापलेले इंजिन तुंबलेल्या पाण्यात घालणे म्हणजे पेटीला पाण्याखाली श्वास घ्यायला लावणे.

कल्हई आणि कपलर

पेटीचे दुसरे दार म्हणजे कपलर, ज्यातून तारा आत जातात. मोठ्या इंजिनाच्या पेटीला दीडशेच्या घरात पिना असतात. प्रत्येक पिन बसवायला दोन-तीन न्यूटन जोर लागला तरी दीडशे पिनांना तीस ते पंचेचाळीस किलो वजनाइतका जोर हवा. तो अडचणीच्या जागी हाताने देता येत नाही, म्हणून कपलरला तरफेची कडी असते. पहिल्या प्रकारची तरफ, दुसऱ्या प्रकारची तरफ असे आपण फळ्यावर काढतो, त्याचे उत्तम उदाहरण बॉनेटखाली आहे.

पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांवर बहुधा कथलाचा मुलामा असतो. म्हणजे चक्क कल्हई! पितळेच्या पातेल्यात आंबट कळकू नये म्हणून कल्हई करतात, आणि पिनेचे तांबे हिरवे पडू नये म्हणून येथेही. पण ही कल्हई कंप पावणाऱ्या जागी आहे. पिना काही मायक्रॉन मागे-पुढे घासत राहिल्या की कथलाच्या ऑक्साइडची काळी पूड साठते आणि स्पर्श बिघडतो. म्हणून एअरबॅगसारख्या जिवाच्या ठिकाणी सोन्याचा मुलामा देतात.

स्पर्श बिघडला की काय होते ते ओहमच्या नियमानेच पाहू. पाण्याचे तापमान सांगणाऱ्या एका प्रचलित संवेदकाचा रोध ८० अंशांना सुमारे ३२० ओहम आणि ६० अंशांना सुमारे ६०० ओहम असतो. गंजलेल्या पिनेने वाटेत २८० ओहम वाढवले, तर इंजिन ८० अंशांवर असताना पेटी ते ६० समजते. थंड इंजिन समजून ती नको तितके इंधन सोडते, धूर होतो. उलट, खारे पाणी दोन पिनांमध्ये साचले तर ते समांतर रोध होते, एकूण रोध घटतो आणि पेटीला इंजिन आहे त्याहून तापलेले वाटते. पेटीची बुद्धी शाबूत असते, तिला मिळणारी बातमी खोटी असते.

शिवाय दोन पिनांत विजेचा दाब आणि मध्ये मिठाचे पाणी, म्हणजे विद्युत-अपघटनाची सारी तयारी. धन बाजूची पिन झिजत जाते. म्हणून कपलरचे तोंड शक्यतो खाली किंवा आडवे ठेवतात, आणि तारा सरळ वरून न आणता खाली झोळ देऊन मग वर नेतात, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकते. घरात बाहेरून येणारी वायरही आपण अशीच आणतो.

तारेतून आलेले पाणी

आता बसकडे परत येऊ. त्या इलेक्ट्रिशियनला आम्ही पुढच्या आठवड्यात गॅरेजवर गाठले. बस तेथेच आली होती. त्याने कपलरचे सील आम्हाला दाखवले. सील ठीक होते. मग त्याने एक तार बोटांनी चाचपत नेली आणि हातभर अंतरावर थांबला. तारेच्या आवरणाला सुईच्या टोकाएवढे भोक होते. "कुणीतरी टेस्ट लॅम्प टोचलाय, करंट येतो का बघायला," तो म्हणाला.

तार म्हणजे एक सळई नसते. बारीक तारांचा पीळ असतो आणि त्यांच्यामध्ये पोकळी असते. आवरणासकट ती एक लांब नळीच. बाहेरच्या टोकाला भोक, भोकावर पाऊस, आणि दुसऱ्या टोकाला श्वास ओढणारी पेटी. लिंबूसरबताच्या पेल्यात नळी घालून आपण जे करतो तेच पेटीने केले. सील शाबूत राहिले आणि पाणी त्याच्या मधोमध, तारेच्या पोटातून आत आले.

पण पेटीला तर पडद्याचे नाक असते. ते काय करत होते? आम्ही पेटी पुसून पाहिली. एका कोपऱ्यात नाण्याएवढी गोल जागा होती आणि तिच्यावर काळा रंग होता. पासिंगच्या आधी चासीला फवाऱ्याने काळा रंग मारतात, तो या पेटीवरही मारला होता. गाडी चकचकीत दिसावी हाच हेतू, पण पेटीचे नाक बुजले. नाक बुजल्यावर तिने तोंडाने श्वास घेतला, आणि तोंड म्हणजे ते सुईचे भोक.

एकाने तार टोचली, दुसऱ्याने रंग मारला. दोघांनी आपापले काम नेहमीसारखे केले, आणि चाळीस मुले पावसात महामार्गावर थांबली. यात कोणी वाईट नव्हते. बंद पेटी श्वास घेते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आम्हालाही नव्हते, आणि आम्ही तर विज्ञान शिकवतो.

पेटीची परीक्षा

अशा पेट्या बाजारात येण्याआधी त्यांची कसून परीक्षा होते. पेटीवर आयपी ६७ असे लिहिलेले असते. त्यातील सहा म्हणजे धूळ अजिबात शिरत नाही, आणि सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवूनही बिघाड नाही. पण आपण पाहिले की तापलेल्या पेटीवरचा एक फवारा १.७ मीटरचा ताण देतो. म्हणून बुडवण्याची परीक्षा पुरत नाही. पेटी पूर्ण तापवून तिच्यावर शून्य ते चार अंशांचे पाणी पुन्हा पुन्हा फेकतात. पाच टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात ती ३५ अंशांवर ठेवतात. हादरे देणाऱ्या टेबलावर बसवतात. वाहनांच्या भागांच्या परीक्षा घेणारी आपली जुनी संस्था म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली, पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. परीक्षेत उत्तीर्ण झालेली पेटी मात्र पुढे आपल्या हाती असते, आणि तेथे तिची खरी परीक्षा सुरू होते.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक: पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी (उकळते नव्हे) हलवून ओतून द्या, लगेच बूच लावा आणि बाटली थंड पाण्याखाली धरा. ती चेपते. आता दुसऱ्या बाटलीच्या बुचाला सुईने भोक पाडा आणि गरम करून ती बुचाच्या बाजूने थंड पाण्यात उपडी बुडवा. बाटली कमी चेपेल, पण आत पाणी आलेले दिसेल. हीच आमची बस.

दोन: अळवाच्या पानावर एक थेंब साधे पाणी आणि एक थेंब साबणाचे पाणी टाका. पहिला घरंगळतो, दुसरा पसरतो. वॉशिंग सेंटरवाल्याला पेटीवर साबणाचा जोरदार फवारा का मारू नये हे मुले स्वतःच सांगतील.

तीन: अनेक बारीक तारांची, आवरण असलेली वायर वीतभर कापून तिचे एक टोक शाईच्या पाण्यात बुडवा. दुसऱ्या टोकावर इंजेक्शनची (सुई काढलेली) सिरिंज रबरी नळीने घट्ट बसवून दट्ट्या ओढा. शाई तारेच्या पोटातून येते.

चार: नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेल्या तांब्याच्या दोन तारा मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा. एक तार झिजून पाण्याला हिरवट-निळसर रंग येतो. हा प्रयोग उघड्या खिडकीजवळ आणि फक्त बॅटरीवर करावा. घरच्या विजेला हात लावायचा नाही, हे मुलांना दोनदा सांगावे.

हे प्रयोग झाल्यावर मुलांना आवारातील दुचाकी पाहायला न्या. कपलरची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, तारांना झोळ आहे का, हे शोधू द्या. आमच्या मुलांनी बसच्या चालकाकाकांसाठी एक पत्रक लिहिले: तार टोचू नका, कपलरच्या मागच्या बाजूने तपासा, पेटीवर रंग मारण्याआधी गोल नाकावर चिकटपट्टी लावा आणि नंतर ती काढायला विसरू नका, गरम इंजिनावर गार पाणी मारू नका. पत्रक गॅरेजच्या भिंतीवर लागले आहे.

आणि त्या मुलीला आम्ही सांगितले, की उत्तर आमच्या आधी तुझ्या हातात होते. तिने बाटली अजून ठेवली आहे. चेपलेलीच.